माथेरानच्या एका घोडेवाल्या घरातली रपेट

दस्तुरी नाक्यावर गाडीतून उतरताच एका मध्यस्थाने माझ्या मेहुण्यांना एका बुटक्या घोडीपुढे नेऊन उभे केले आणि कुठलाही घोडा कोणालाही चालतो, असे छातीठोकपणे सांगितले. त्यांचे वजन 96 किलो आहे. आम्ही त्या घोडीकडे पाहून बॅगा उचलल्या आणि चालत निघालो. दुसऱ्या दिवशी ज्या घरी आमची रपेट ठरली होती, तिथल्या आजोबांनी मेहुण्यांना एकदा आपादमस्तक न्याहाळले आणि "साहेब, तुम्ही माझ्यासोबत पायी चला, गप्पा मारत जाऊ," असे म्हणून त्यांच्यासाठी खोगीर चढवलेच नाही. पैसेही अर्थातच घेतले नाहीत. खोगिरासकट घोड्यावरचे ओझे त्याच्या स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्यापुढे जाऊ नये, असे जाणकार सांगतात. म्हणजे 400 किलोंच्या घोड्यावर फार तर 80 किलो. हा हिशेब आजोबांनी कोठे वाचलेला नव्हता, परंतु त्यांचे उत्तर तेच होते.

बाजारपेठेमागच्या या घरात घोड्यांचा व्यवसाय चार पिढ्यांचा आहे. आजोबांचे वडील एका पारशी कुटुंबाच्या बंगल्यावर मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे होते, आजोबांनी स्वतःचा पहिला घोडा घेतला, मुलाने तबेला पाच जनावरांपर्यंत नेला आणि बारा वर्षांची नात आता शाळेपूर्वी घोड्यांना खरारा करते, म्हणजे त्यांचे अंग घासून साफ करते. 1850 मध्ये ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी हे ठिकाण प्रकाशात आणले, 1907 मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर आली, पण मोटारींना आजही दस्तुरीपुढे मज्जाव असल्यामुळे माणसांपासून सिलिंडरपर्यंत पुष्कळशा गोष्टी अजूनही पायी, डोक्यावर किंवा घोड्यावरून जातात. त्यामुळे माथेरानात घोडेवाले अनेक आहेत. या घराचे वेगळेपण मला जाणवले ते तबेल्यात.

आम्ही ठरल्या वेळेला पोहोचलो, तेव्हा घोडे चंदी खात होते आणि त्यांच्या तोंडाला बांधलेले तोबरे रिकामे होईपर्यंत कोणीही घाई केली नाही. जवळपास पाऊण तास आम्ही बाकावर बसून होतो. ज्यांना घड्याळाप्रमाणे सर्व पॉइंट उरकायचे असतात, त्यांना हे खटकेल. मला खटकले नाही, कारण तेवढ्या वेळात नातीने एकेक खूर उचलून लोखंडी आकडीने त्यातली लाल माती आणि खडे काढलेले मला जवळून पाहता आले. एका खुरात जांभ्याचा बोराएवढा तुकडा रुतला होता. तिने तो काढला, त्या जागी अंगठा दाबून पाहिला, घोड्याने पाय झटकला नाही याची खात्री केली आणि मगच पाय खाली सोडला. नाल महिन्या-सव्वा महिन्याने बदलावी लागते, हेही तिनेच सांगितले, आणि आजोबांनी तिला मध्ये एकदाही टोकले नाही.

मला दिलेला घोडा तांबूस रंगाचा, उंच आणि पूर्वी शर्यतीत पळालेला होता. शर्यतीतून बाद झालेले बरेच घोडे असेच माथेरानला येतात, आणि अशा घोड्यावर नवख्या माणसाला बसवणे ही खरी कसोटी असते. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा आवळताना घोडा पोट फुगवून धरतो व नंतर तंग सैल पडतो. म्हणून आजोबांनी मला बसवून वीसेक पावले चालवले, पुन्हा थांबवले, तंगाखाली दोन बोटे सरकवून पाहिली आणि एक भोक आणखी आवळले. शार्लोट तलावाकडच्या उतारावर नात माझ्या पुढे लगाम धरून चालत होती. "काकू, उतारावर मागं रेला, आयाळ नका धरू, खोगिराची मूठ धरा," एवढे तिने सांगितले आणि रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, टाचेपर्यंत अडकलेला माझा पाय न बोलता बाहेर ओढून चवड्यावर आणला. इको पॉइंटपर्यंत आणि परत, सुमारे दीड तास, घोडा एकदाही दौडवला गेला नाही. माझ्या भाच्याने "पळवा ना" असा हट्ट धरला, तेव्हा त्याला नकारच मिळाला.

वाटेत रस्त्याचा विषय निघणे अपरिहार्य होते. फरसबंदीचे ब्लॉक बसवलेल्या उतारावर नाल घसरते, ही घोडेवाल्यांची जुनी तक्रार. मातीच्या वाटेवर मोकळी चाललेली टाप ब्लॉकवर येताच आखडते, हे खोगिरावर बसलेल्या माणसालाही कळते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश देताना दस्तुरीपासूनच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉक चालतील, अंतर्गत वाटांवर नकोत, अशी विभागणी केली. माणसाने माणसाला ओढणे थांबावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. डिसेंबर 2022 पासून आलेल्या ई-रिक्षांमुळे दस्तुरीची भाडी कमी झाल्याचे आजोबांचा मुलगा सांगत होता, मात्र त्याच्या बोलण्यात रागापेक्षा घोडे चार ठेवावेत की पाच, याची चिंता अधिक होती.

उणिवाही सांगायला हव्यात. लहान मुलांसाठी हेल्मेट होते, मोठ्या माणसांसाठी नव्हते, आणि शर्यतीतला घोडा देणाऱ्या घराने ही गोष्ट सर्वांत आधी करायला हवी. मुलगा भाच्याच्या घोड्याचा लगाम धरून चालताना बराच वेळ मोबाइलवर बोलत होता. आजोबांनी एकदा खाकरून पाहिले, तरी त्याने फोन ठेवला नाही. पैसे दरफलकाप्रमाणेच घेतले, पावती मात्र मागूनही मिळाली नाही. तबेल्याजवळ बसायला सावली नाही.

तरीही पुन्हा जाईन ती याच घरी, आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर, कारण शनिवार-रविवारी त्या अरुंद वाटांवर घोड्यांची रांग लागते. आदल्या संध्याकाळी फोन केला, की प्रत्येकाचे वय आणि वजन विचारून घेतात व त्याप्रमाणे घोडे नेमतात. वजन खरे सांगावे. मेहुण्यांनी फोनवर 80 सांगितले होते.