मावशी अचानक आली नाही तर? खेड्यातल्या आमच्या ‘दुसऱ्या काकू’च्या व्यवस्थेचा पेरणी ते उन्हाळा अनुभव

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हापासून लेकरू सांभाळणारी मावशी आली नाही तर शेजारच्या काकूंनी यायचं, ही व्यवस्था आम्ही वापरून राहिलो आणि आता उन्हाळा लागला, म्हणजे पेरणी, निंदण, सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी असा अख्खा हंगाम तिच्यावरून गेला, म्हणून आता लिहिते. दोन महिन्यांत लिहिलं असतं तर अर्धवट झालं असतं, कारण खेड्यात लेकरू सांभाळणारी बाई कोणत्या दिवशी येणार नाही हे शेताकडं पाहिल्याशिवाय कळतच नाही.

परिस्थिती थोडक्यात सांगते. यवतमाळ जिल्हा, कळंब-राळेगावकडचं गाव. मी जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेवर, पहिली ते चौथी, म्हणजे मी नाही गेली तर सरांवर एकट्यावर चारही वर्ग येतात. मिस्टरांचं रोडवर कृषी केंद्र. सासूबाईंच्या गुडघ्यांचं दुखणं म्हणून त्या मोठ्या दिरांकडं अमरावतीला असतात, माझी आई वर्ध्याला. लेकरू जूनमध्ये वर्षाचं झालं. मावशी साडेनऊला येते ते मी घरी येईपर्यंत थांबते, महिना सहा हजार. मावशी लेकरावर फार जीव लावते, तिच्याबद्दल माझी एक तक्रार नाही हे आधीच सांगते, कारण असल्या विषयावर बोलणं निघालं की बायका लगेच "यांना कामाची किंमतच नाही" इथून सुरू होतात आणि मला ते पटत नाही.

आता व्यवस्था काय ते. एक, मावशीचा खाडा कापायचा नाही. महिन्याला दोन रजा पगारी, त्या उरल्या तर पुढच्या महिन्यात जमा, आणि आजारपणाची रजा वेगळी, तीही पगारी. दोन, शेजारच्या काकूंना महिना आठशे रुपये द्यायचे, त्या कामाला येवोत न येवोत, आणि ज्या दिवशी येतील त्या दिवसाचे अडीचशे वरून. त्या बदल्यात दर शनिवारी शाळा सकाळची असते तेव्हा दुपारी काकूंनी दोनेक तास घरी यायचं आणि लेकराजवळ बसायचं. तीन, लेकराचा सगळा दिनक्रम आणि औषधं भिंतीवर लिहून. चार, मी आणि मिस्टर यांच्यात कोणत्या महिन्यात कोणी घरी थांबायचं ते आधीच ठरलेलं.

खाडा न कापण्याबद्दल खूप जणींनी मला म्हटलं की असं केलं तर बाई डोक्यावर बसते, रोजच दांडी मारते. नऊ महिन्यांत उलटंच दिसलं. पैसे कापले जातील ही भीती असली की बाई आदल्या रात्री सांगत नाही, सकाळपर्यंत वाट पाहते की बरं वाटलं तर जाऊ, आणि मग साडेनऊला कळते की येत नाही, नाहीतर अंगात ताप घेऊन येते आणि तोच ताप लेकराला. आता रात्री आठ-साडेआठलाच फोन येतो, "मॅडम, आंग तापून राह्यलं, उद्या येनं होत नाही." बस, माझ्याकडं अख्खी रात्र असते. पावसाळ्यात तिच्या घरी सगळ्यांचे डोळे आले होते, तिनं स्वतःहून सांगितलं की मी चार दिवस येत नाही, लेकराले होईल. हे चार दिवसांच्या पगारापेक्षा मला कितीतरी महत्त्वाचं वाटते.

काकूंची निवड करताना मी दोन गोष्टी पाहिल्या होत्या आणि त्या दोन्ही फार कामी आल्या. मावशीचं घर नाल्याच्या पलीकडं आहे, जुलैमध्ये जोराचा पाऊस झाला की रपट्यावरून पाणी जाते आणि मग कोणी इकडं येत नाही, म्हणून बदली माणूस नाल्याच्या अलीकडचंच पाहिजे होतं, काकू दोन घरं सोडून राहतात. दुसरं म्हणजे सण. मावशी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाते, तिला नागपूरचं जाणं-येणं धरून तीनेक दिवस लागतात, १४ एप्रिलला आणि बुद्ध पौर्णिमेला तिची सुट्टी. काकूंकडं पोळा आणि महालक्ष्म्या, महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत तर त्यांना मान वर करायला वेळ नसतो. दोघींचे मोठे दिवस वेगवेगळे असल्यानं सणाच्या दिवशी दोघी एकदम नाहीत असं दिवाळी सोडून झालं नाही आणि दिवाळीत शाळेलाच सुट्टी. दुसरी बाई बघताना पहिलीच्याच घरातली जाऊ-नणंद घेऊ नका, लग्न असो की मयत, दोघी एकाच वेळी जातात.

शनिवारच्या दोन तासांचं महत्त्व मात्र वापरल्यावरच कळलं. लेकरं आठ-नऊ महिन्यांची झाली की अनोळखी माणसाला पाहून रडायला लागतात आणि दीड वर्षापर्यंत ते चालतेच, तो काही हट्ट नसतो, त्या वयाचं ते लक्षण आहे. अशा लेकराला सकाळी नव्या बाईच्या हातात देऊन निघालं तर ते दिवसभर रडते, खात नाही, आणि ती बाईही पुन्हा यायला नाही म्हणते. आम्ही पहिले काही शनिवार मी तिथंच बसून राहिली, काकू नुसत्या शेंगा निवडत बसायच्या आणि लेकरू लांबून पाहायचं. मग मी स्वयंपाकघरात, मग अंगणात, मग किराणा आणायला बाहेर. पोळ्याच्या आसपास ते काकूंच्या हातून खिचडी खायला लागलं. म्हणजे जवळपास दोन-अडीच महिने लागले, ते आठशे रुपये त्या दोन-अडीच महिन्यांचे आहेत असं समजा. ज्यांना वाटते की काम पडेल तेव्हा बोलावू आणि तेव्हाच पैसे देऊ, त्यांचं इथंच अडते.

आता कापूस. आमच्याकडं दिवाळीच्या मागंपुढं वेचणी जोरात सुरू होते. मजुरी किलोवर, यंदा दहा-बारा रुपये होती, पहिल्या-दुसऱ्या वेच्याला बोंडं भरून फुटलेली असतात तेव्हा हाताची चपळ बाई दिवसाला चाळीस किलोपर्यंत वेचते, म्हणजे चारशेच्या वर रोज पडला. माझ्याकडं तिचा दिवस पडते सव्वादोनशेला. आणि शेतमालकाला पावसाच्या आत कापूस घरी पाहिजे, तो रात्री घरी येऊन सांगते की उद्या या, त्याच्याकडून तिनं उचल घेतलेली असते, तिला नाही म्हणता येत नाही. याला दांडी म्हणणं मला अन्याय वाटते. त्या तीन-चार आठवड्यांत तिचं वर्षाचं काहीतरी सुटते, पोराची फी, घरावरचे टिनं. मी ऑक्टोबरमध्येच तिच्याजवळ बसून ठरवलं की वेचणीच्या दिवसांत आठवड्याचे दोन दिवस तू शेतात जा, मंगळवार-बुधवार, ते बिनपगारी, पण त्यासाठी काम जाणार नाही, बाकीचे दिवस माझे. शेतमालकालाही तिनं तेच दोन दिवस सांगितले. एकदोनदा ढग आले तेव्हा मागंपुढं झालं पण सकाळी साडेनऊचा धक्का एकदाही बसला नाही. शेतातून आलं की लुगडं बदलून, हातपाय साबणानं धुऊन मगच लेकराला घ्यायचं हेही तेव्हाच बोलून घेतलं, कापसावर फवारे मारलेले असतात. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले ते इकडच्या कोणाला वेगळं सांगायला नको. याच कारणानं लेकराला मिस्टरांच्या दुकानात न्यायचं नाही म्हणजे नाही, तासभरासाठीसुद्धा नाही, त्यांना दुकान पोरावर सोडून घरी यावं लागते. जून-जुलैत बियाणं-खताच्या गर्दीत त्यांना हलता येत नाही म्हणून ते महिने माझे, सप्टेंबरनंतरचे त्यांचे. हे कागदावर ठरल्यानं आमच्यातली सकाळची चिडचिड बंद झाली, हा फायदा मी हिशोबात धरलाच नव्हता.

सगळ्यात नाजूक भाग वेगळाच निघाला. काकू शनिवारी यायला लागल्या आणि मावशी गप्प गप्प राहू लागली, लेकराला उगाच जास्त वेळ झोळीत झुलवत बसायची. एक दिवस म्हणाली, "मॅडम, काकूले सारं शिकवून मंग मले काढून टाकसान का?" मला खूप वाईट वाटलं. तिच्या जागेवरून पाहिलं तर बरोबरच होतं, आपल्या कामावर दुसरं माणूस आणून बसवलं की कोणालाही हेच वाटेल. मग मी दोघींना सोबत बसवलं, चहा ठेवला आणि दोघींसमोर स्पष्ट सांगितलं की लेकरू मावशीचंच आहे, काकू फक्त ती नसेल त्या दिवसाच्या, त्यांना रोजचं काम नको आहे आणि त्यांच्या वयाला झेपणारही नाही. आणि काकूंना शिकवायचं काम मी केलं नाही, मावशीनं केलं. लेकरू कोणत्या अंगावर झोपते, भात किती मऊ लागते, रडलं की गाईकडं न्यायचं की नळाकडं, हे तिलाच माहीत. शिकवायला लागल्यावर तिची भीती गेली. आता सुट्टी पाहिजे असली तर ती मला फोन करायच्या आधी काकूंना विचारून येते, "सूनबाई, उद्या मी आहे बरं" असं मला काकूच सांगतात. तिची घरेलू कामगार म्हणून नोंदणीही करायला लावली, २००८ च्या कायद्यानं राज्यात त्यासाठी मंडळ आहे, १८ ते ६० वयाच्या बाईची नोंदणी होते, मी माझ्याकडं काम करते असं लिहून दिलं. त्यानंही तिचा विश्वास वाढला असं मला वाटते.

भिंतीवरच्या कागदाबद्दल एक गोष्ट जरूर सांगते, ती औषधाची. तापाचं पॅरासिटामॉल लहान लेकरांसाठी थेंबाच्या बाटलीत येते त्यात १ मिलीत १०० मिग्रॅ असते, आणि साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० नाहीतर २५० मिग्रॅ. नाव एकच. थेंबाची बाटली चमच्यानं पाजली तर १२० च्या सिरपच्या चौपट औषध पोटात जाते. आम्ही घरात एकच बाटली ठेवतो, डॉक्टरांनी वजन पाहून किती मिली ते सांगितलं तेवढी खूण पिचकारीवर मार्करनं केली आहे, आणि तरी फोन केल्याशिवाय द्यायचं नाही. काकूंना वाचायला वेळ लागते म्हणून मोठ्या अक्षरात आणि थोडं चित्रात आहे. शेंगदाणे, फुटाणे, बोरं द्यायची नाहीत (घशात अडकतात, आणि आपल्याकडं हिवाळाभर हेच वाट्यात असते), बादल्या-टाकी उघडी ठेवायची नाही, जुलाब लागले तर ओआरएसचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण टाकायचं, अर्धं पाकीट अर्ध्या ग्लासात नाही, आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं फेकायचं. खाली १०८ आणि आम्हा दोघांचे नंबर.

बाकीचे पर्याय लोक सुचवतात त्याबद्दल थोडंसं. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं बसतात, त्याखालच्या लेकरांना आहार मिळते पण दिवसभर सांभाळणं सेविकेचं काम नाही, ताई ओळखीच्या आहेत म्हणून त्यांच्यावर लादणं बरोबर नाही. पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं २०२२ पासून सुरू झालं, पण आमच्या गावात ते नाही. बालसंगोपन रजा आम्हाला सगळ्या नोकरीत मिळून १८० दिवस आहे, पण ती आधी मंजूर करून घ्यावी लागते, सकाळच्या फोनवर तिचा उपयोग नाही. ती मी फेब्रुवारीत वापरली, मावशीच्या पोरीचं पहिलं बाळंतपण होतं, ते दिवाळीपासूनच माहीत होतं, आणि काकूंनी सलग इतके दिवस करणं शक्य नव्हतं. किरकोळ रजा मी फक्त अगदी अडचणीसाठी राखून ठेवते आणि सरांना आदल्या रात्री सांगते, त्यांच्या घरी काही असलं की मीही त्यांचे वर्ग सांभाळते.

न आवडलेलं किंवा कमी पडलेलं म्हणजे खर्च. काकूंचे आठशे, वरचे दिवस, मावशीच्या पगारी रजा, सगळं धरून महिन्याला सरासरी हजार-बाराशे जास्त जातात, ज्यांचा एकच पगार आहे त्यांना हे जड आहे. दुसरं, काकूंना लेकरू उचलून फिरवणं होत नाही आणि ते आता धावायला लागलं, त्यामुळं त्यांच्या दिवशी फाटकाला कडी आणि दुपारी मिस्टरांची एक चक्कर लागतेच. तिसरं, दोघीही नाहीत असा दिवस हिवाळ्यात एकदा आलाच, गावात मोठी मयत झाली, सारं गाव तिकडं, तेव्हा मिस्टरांनी दुकान बंद ठेवलं.

येत्या पेरणीत काकू नागपूरला मुलाकडं राहणार आहेत महिनाभर, हे त्यांनी आताच सांगून ठेवलं. म्हणून गल्लीतल्याच अजून एका ताईंशी बोलणं झालं, त्या शिवणकाम करतात, दुपारी घरीच असतात, मशीन इकडं आणून ठेवायची तयारी आहे त्यांची. सकाळच्या शाळेचे दिवस आहेत तोवर त्यांना रोज दुपारी अर्धा तास बोलावून राहिलो आणि लेकराला कोणत्या वेळी काय लागते ते मावशी त्यांना दाखवून राहिली.