फिटनेस बँड बांधून परड्यात राबलो, कार्डिओ झाला का?

कोल्हापुरात राजारामपुरीतनं 1,800 चा फिटनेस बँड घेतला त्याला दोन महिने झाले. डॉक्टर म्हणाले रोज चालायला जावा, आणि माझी सकाळ सगळी गोठ्यात आणि परड्यात जाते, रंकाळा तलावावर जायचं कधी, मग हेच काम कार्डिओत, म्हणजे हृदयाच्या व्यायामात धरायचं का ते बघायचं होतं. वय 46, म्हणजे 220 वजा 46, हृदयाचे जास्तीत जास्त ठोके मिनिटाला 174 च्या आसपास आणि मध्यम व्यायामाला अंदाजे 111 ते 132 पाहिजेत.

खुरपताना 95 च्या वर जातच नाहीत, दोन तासांनी पाठ धरते पण दम लागत नाही. कुदळीनं वाफे खणताना मात्र 130, शेणखताच्या पाट्या टाकताना पण तेवढेच, फक्त मध्येमध्ये थांबतो की ठोके लगेच खाली. तरी तुकड्यातुकड्यातलं पण मोजायचं, जागतिक आरोग्य संघटनेनं सलग 10 मिनिटांची अट 2020 मध्ये काढून टाकली, आठवड्याला किमान 150 मिनिटं भरली पाहिजेत.

बँडचा दोष एकच पण मोठा, कुदळ घट्ट धरली की आकडा कायपण दाखवतो. मनगटाच्या दोन बोटं वर आवळून बांधला तेव्हा बरा चालला. चार्जिंग सहा दिवस जातं, चिखलानं पण काय झालं नाही.

5 पैकी 4 स्टार. खणायच्या आठवड्यात माझी 150 मिनिटं आरामात भरली, नुसत्या खुरपणीच्या आठवड्यात 40 पण नाहीत, म्हणून तेव्हा संध्याकाळी रंकाळ्यावर जायला लागलोय.