म्हाडाची जुनी इमारत: विकासक, स्वयंपुनर्विकास की थेट म्हाडा?

मुंबईतल्या म्हाडा (राज्य सरकारची गृहनिर्माण संस्था) वसाहतीत पुनर्विकासाची सभा लागली की पहिला प्रश्न ठरलेला: कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, किती मिळणार? माझ्या मते आधी विचारावं ते हे, की बांधकामाचा पैसा कोणाचा आणि तो मध्येच आटला तर अडकणार कोण.

विकासकाच्या वाटेत सरकारी पैसा नसतो. विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(5) खाली वाढीव एफएसआय (भूखंडावर किती बांधता येईल याचं प्रमाण) मिळतो, त्याबदल्यात विकासक म्हाडाला प्रीमियम भरतो किंवा घरं बांधून देतो आणि आपला खर्च विक्रीच्या घरांतून काढतो. सभासदाला पदरचं काही घालावं लागत नाही, म्हणून ही वाट लोकांना आवडते. पण विक्री थंडावली की आधी भाड्याचे चेक थांबतात. गोरेगावच्या पत्राचाळीतल्या 672 कुटुंबांनी तर याहून वाईट पाहिलं. 2008 मध्ये करार झाला, चाळ रिकामी झाली, एफएसआय परस्पर इतर बिल्डरांना विकला गेला आणि रहिवाशांची घरं तशीच राहिली. अखेर प्रकल्प म्हाडालाच हाती घ्यावा लागला.

स्वयंपुनर्विकासात, म्हणजे सोसायटी विकासकाशिवाय स्वतःच इमारत बांधते तेव्हा, सरकारचा हात असतो, पण हलका. 13 सप्टेंबर 2019 च्या शासन निर्णयात 10 टक्के जादा एफएसआय आणि कर्जाच्या व्याजात 4 टक्के सवलत आहे. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक अशा सोसायट्यांना कर्ज देते. विकासकाकडे जाणारा नफा इथे सभासदांच्या कार्पेटमध्ये आणि कॉर्पसमध्ये (सोसायटीच्या राखीव निधीत) उतरतो. मात्र कर्जदार सोसायटीच असते, विक्री रेंगाळली तरी व्याजाचं मीटर चालूच. म्हणून हिशेब पूर्ण व्याजदरानेच मांडावा. सवलत हाती आली तर ती वरकड समजावी. आणि ज्या सोसायटीत वार्षिक सभेलाही कोरम भरत नाही, तिने या वाटेला जाऊच नये.

थेट म्हाडाचं उदाहरण म्हणजे बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) चाळी. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथे 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांचं मालकीचं घर, तेही मोफत. इथेही विक्रीची घरं आहेतच, पण ती विकली जाईपर्यंतचा भार म्हाडा उचलते. किंमत मोजावी लागते ती वेळेची: भूमिपूजन 2017 मध्ये झालं, वरळीतल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या मिळाल्या ऑगस्ट 2025 मध्ये. शिवडीच्या बीडीडी चाळी मुंबई बंदर प्राधिकरणाच्या (पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टच्या) जागेवर असल्याने मागेच राहिल्या. शिवाय एकट्या इमारतीला हा पर्याय मागून मिळत नाही, तो अख्ख्या वसाहतीसाठी सरकार ठरवतं. गोरेगावच्या मोतीलाल नगरात म्हाडाने खाजगी कंपनी नेमली आहे. तिथे नाव म्हाडाचं, पण भांडवल कंपनीचं.

इमारत लहान, रस्त्यालगतची, सभासद एकमेकांशी बोलणारे असतील तर मी स्वयंपुनर्विकासाला मत देईन. आतल्या बाजूचा, विक्रीला कठीण भूखंड असेल तर विकासकच बरा. फक्त नोंदणीकृत करार, बँक गॅरंटी आणि आगाऊ भाडं हाती येईपर्यंत एकानेही घर रिकामं करू नये. पुनर्विकासाच्या मंजुरीला 51 टक्के सभासदांची संमती पुरते. बँक गॅरंटीचा मसुदा मात्र सभेआधी सगळ्यांनी वाचलेला असावा.