आश्वेला लाटांवर जायचं: डिसेंबर की मे?

पावसाळा सुरुवातीलाच बाद. जून-जुलैत मच्छीमारही होड्या वर ओढून ठेवतात, मग आपण सर्फिंगचा बोर्ड घेऊन कशाला जायचं? गोव्यातल्या पेडण्याच्या किनाऱ्यावर, आश्वे-मांद्रेला, खरी निवड डिसेंबर आणि मे यांच्यातच आहे.

डिसेंबरात पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. लाटेला तो समोरून थोपवून धरतो, त्यामुळे ती लगेच कोसळत नाही आणि पाणी काचेसारखं गुळगुळीत दिसतं. लाट मात्र गुडघ्या-कमरेएवढीच. काही दिवस तर तळंच. अधूनमधून अरबस्तानाकडच्या वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा वायव्येकडून येतात, पण त्या आखूड अंतराच्या, घाईघाईत येणाऱ्या.

मेमधली लाट वेगळ्याच घराण्यातली. दक्षिण महासागरातल्या वादळांत जन्मून, विषुववृत्त ओलांडून ती हजारो किलोमीटर येते. दोन लाटांमधला काळ बारा-पंधरा सेकंदांचाही असतो, म्हणून उंची बेताची असली तरी ढकल दमदार. अडचण वाऱ्याची. समुद्राकडून येणारा खारा वारा सकाळ सरतानाच सुरू होतो, आणि दुपारी वायव्येचा जोर वाढला की सगळं पाणी खवळून विस्कटतं. उजाडताच पाण्यात उतरलात तरच मजा. महिन्याच्या अखेरीस समुद्र मॉन्सूनच्या ताब्यात जातो. लाल बावटा दिसला की वाद घालू नये.

पहिल्यांदा बोर्डवर उभं राहायचं असेल तर डिसेंबर. उभं राहता येत असेल, तर मी मेचा पहिला पंधरवडा घेईन, घामाच्या धारांसकट.