पस्तिशीनंतर थेट दुसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग : दुसरं वर्ष संपल्यावरचा अनुभव

डिप्लोमा करून नोकरीला लागलेले आणि आता डिग्री करावी का, या विचारात असलेले बरेच जण असतील. त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी इंडस्ट्रियल इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला. चाकणला एका कारखान्यात बरीच वर्षं मेंटेनन्सला होतो, पीएलसी (मशिन चालवणारा कंट्रोलर) आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण) हेच रोजचं काम. नोकरी सोडली आणि पुणे विद्यापीठाच्या (2019 पॅटर्न, म्हणजे 2019चा अभ्यासक्रम) कॉम्प्युटरला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतला. आता तिसरं वर्ष चालू आहे. माझं मत एवढंच: वयाची काळजी सोडा, गणिताची करा. गणित पक्कं करून आलात तर हे शिक्षण पैसा वसूल आहे.

प्रवेशाला सीईटी लागत नाही, डिप्लोमाच्या मार्कांवर मेरिट लागतं. खुल्या प्रवर्गाला किमान 45 टक्के, राखीव प्रवर्गाला 40. कमाल वयाची अट नाही. शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र मात्र आधीच करून ठेवा, ऐनवेळी धावपळ होते. प्रवेश फेऱ्या आटोपेपर्यंत वर्ग बहुधा सुरू झालेले असतात. त्यामुळे आल्या आल्या बुडालेला भाग भरून काढायचा आणि आमच्या पॅटर्नमधली 30 मार्कांची इन-सेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) तोंडावर, अशी माझी सुरुवात झाली.

आता गणित. आमच्या 2019 पॅटर्नमध्ये चौथ्या सेमिस्टरला एम-थ्री (इंजिनिअरिंग गणिताचा तिसरा पेपर) होता आणि सुरुवातच लिनियर डिफरन्शियल इक्वेशनने. बारावीवरून आलेल्या मुलांचं एम-वन, एम-टू झालेलं असतं. आपण डिप्लोमात इंटिग्रेशन शिकलेलो असतो, पण मधे इतकी वर्षं गेल्यावर पर्टिक्युलर इंटिग्रल (त्या इक्वेशनच्या उत्तराचा एक भाग) काढताना हात अडतो. पुढे फूरियर आणि झेड ट्रान्सफॉर्म होतेच. प्रवेश घ्यायच्या आधीच इंटिग्रेशन, पार्शल फ्रॅक्शन आणि कॉम्प्लेक्स नंबर घोटून घ्या. कोडिंगचा क्लास लावण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, हे मी अगदी ठामपणे सांगतो.

जे मिळालं ते मात्र भरभरून मिळालं. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचं उदाहरण देतो. लॅडरच्या (पीएलसीचा प्रोग्राम लिहायच्या आकृतीच्या) एका ओळीत ‘ए’चा नॉर्मली ओपन (‘ए’ चालू झाला की जोडणारा) कॉन्टॅक्ट आहे आणि त्याला समांतर दुसऱ्या फांदीत ‘ए’चा नॉर्मली क्लोज (‘ए’ चालू झाला की तुटणारा) व ‘बी’ सिरीजमध्ये आहेत. तो नॉर्मली क्लोज कॉन्टॅक्ट काढून टाकला तरी आउटपुट तेच राहतं. हे कारखान्यात आम्हाला सवयीने माहीत होतं. का, ते मला के-मॅपमध्ये (लॉजिक सोपं करायच्या तक्त्यात) शेजारशेजारचे 1 घेरताना समजलं. इतकी वर्षं हाताने केलेल्या कामामागचा नियम समोर कागदावर दिसला, तेव्हा फार आनंद झाला.

डेटा स्ट्रक्चर्स हा विषय तर कुणी चुकवूच नये. दहा लाख नोंदी क्रमाने लावलेल्या असतील तर बायनरी सर्चला (दर वेळी यादी निम्मी करत शोधण्याला) जास्तीत जास्त 20 तुलना पुरतात, एकेक नोंद बघत गेलं तर दहा लाखही लागू शकतात. मशिनचे लॉग चाळण्यात ज्याच्या रात्रपाळ्या गेल्या आहेत, त्याला या आकड्यांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. लिंक्ड लिस्टला, म्हणजे प्रत्येक नोंदीत (नोडमध्ये) पुढच्या नोंदीचा पत्ता (पॉइंटर) ठेवलेल्या यादीला, सुरुवातीला सगळेच चाचपडतात. मधला नोड काढायचा तर आधी मागच्या नोडचा पॉइंटर पुढच्याला जोडायचा आणि मगच डिलीट करायचं. क्रम उलटला की पुढच्या लिस्टचा पत्ताच हातातून जातो. वहीत चौकटी आणि बाण काढून केलं की पक्कं बसतं.

वर्गातली मुलं मला दादा म्हणतात. ब्रेडबोर्डवर काउंटर चालेना की हाक येते. बहुतेक वेळा आयसीच्या पिनला सप्लायच पोचलेला नसतो, नाहीतर ग्राउंड सुटलेलं असतं. मल्टिमीटर लावला की पाच मिनिटांत सापडतं. त्याच्या बदल्यात सी प्लस प्लसमधल्या टेम्प्लेट्स मला त्यांनीच शिकवल्या, तेही न कंटाळता. या पोरांबद्दल मला मनापासून आदर आहे.

न आवडलेलं म्हणजे सबमिशन. हाताने लिहायच्या फाईली, प्रत्येक असाइनमेंटवर सही, आणि हजेरी कमी पडली की डिफॉल्टर यादी. घरी मूल आजारी असेल तरी यात सूट मिळत नाही. घरच्यांशी हे सगळं आधी नीट बोलून घ्या. माझी बायको कमावते म्हणूनच हे जमतंय.

प्लेसमेंटवर भिस्त ठेवून येऊ नका. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या शिक्षणातल्या खंडावर अट घालतात. माझा रोख कारखान्यांच्या सॉफ्टवेअरकडे, म्हणजे स्काडा (कारखान्यातल्या मशिनवर संगणकावरून लक्ष ठेवणारी यंत्रणा) आणि मशिनच्या डेटाकडे आहे. तिथे जुना अनुभव मोजला जातो.

नोकरी सोडणं शक्य नसेल तर एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) 2023-24 पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेतल्या डिग्रीला परवानगी दिली आहे. किमान एक वर्षाची नोकरी हवी आणि कॉलेज ठरावीक अंतराच्या आत हवं. आपल्या भागात कुठल्या कॉलेजला कॉम्प्युटरची अशी तुकडी आहे, याची चौकशी राजीनामा देण्याआधी करा.