माझ्या सायकल कॅरिअरची चावी आणखी कितीजणांकडे होती?

पहाटे साडेपाचला वाईच्या लॉजमधून सायकली घेऊन खाली आलो. पसरणी घाट चढून पाचगणी गाठायचा बेत होता. भाऊ गाडीपाशी थांबला आणि म्हणाला, "ताई, वर बघ." टपावर नुसते दोन आडवे बार होते. त्यांवर सायकली बांधून न्यायचे दोन्ही सायकल कॅरिअर गेले होते. सायकली रात्री खोलीत नेल्या म्हणून वाचल्या.

तोडफोड कुठेच नव्हती. कॅरिअर बारला जिथे आवळतात तिथली चारही प्लॅस्टिकची झाकणं बॉनेटवर ओळीने ठेवलेली, एकावरही ओरखडा नाही. प्रत्येकाचं कुलूप चावीने उघडावं तसं उघडलेलं. चावी मात्र माझ्या पर्समध्ये.

पोलीस चौकीत हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला, "चावी कोणाला दिली होती का?" तेव्हा मला फार लागलं. आता वाटतं, नेमका तोच प्रश्न होता.

हा सेट मी पुण्यातल्या एका कार ॲक्सेसरीजच्या दुकानातून घेतला होता. बार, दोन कॅरिअर आणि बसवण्याची मजुरी धरून १८,५०० रुपये. दुकानदाराने माझ्यासमोर कुलूप लावून, हिसका देऊन दाखवलं. "ताई, अँटी-थेफ्ट लॉक आहे. चावी तुमच्याकडे, मग हात कोण लावतंय? गाडी रस्त्यावर लावा, बिनधास्त झोपा." पक्कं बिल हवं तर वर जीएसटी पडेल म्हणाला. मी कच्ची पावती घेतली. तिच्यावर फक्त "कॅरिअर सेट" लिहिलंय. कंपनी नाही, मॉडेल नाही, कुलपाचा नंबर नाही. तक्रार लिहून देताना यातलं एकही मला सांगता आलं नाही. विम्याकडूनही काही मिळालं नाही, कारण पॉलिसीत हे सामान वेगळं नोंदवलेलंच नव्हतं. नोंदवायचं असतं, हे दुकानात कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

खरा प्रकार दोन आठवड्यांनी कळला. रविवारच्या राइडला आमच्यातल्या एकाच्या गाडीवर तसाच कॅरिअर दिसला, त्याच दुकानातला. माझी बिनकामाची चावी अजून पर्समध्येच होती. सहज त्याच्या कुलपात घातली. अजिबात न अडखळता ती फिरली, झाकण हातात आलं. दोघांच्या चाव्यांवर बारीक आकडा होता आणि तो एकच होता. आणखी एका मैत्रिणीच्या कॅरिअरवर लावली. तिथेही फिरली.

झाकणाखाली काय असतं, तर साधा ॲलन बोल्ट, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेला. तो फिरवायची पाच नंबरची (पाच मिमीची) ॲलन की कोणत्याही सायकलवाल्याकडे असते. म्हणजे कुलूप कॅरिअरला नसून झाकणाला होतं, आणि त्या झाकणाची चावी दुकानातून सेट नेलेल्या प्रत्येकाकडे होती. दुकानदाराला जाब विचारला तर म्हणाला, "लॉक झाकण उडू नये म्हणून असतं, ताई. नवीन घ्या, दोन हजार कमी करतो." विकताना हेच वाक्य बोलला असता तर मी गाडी लॉजच्या आवारात तशी सोडली नसती.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तिथेही अर्ज करणार आहे. पैसे यूपीआयने दिले होते, त्यामुळे दुकानाचं नाव आणि रक्कम तरी हातात आहे. रोख दिले असते तर तेही नसतं.

महागडे, नावाजलेले रॅक घेणाऱ्यांनीही जपावं. त्यांच्या चाव्या अनेकदा मोजक्याच नंबरांच्या असतात, नंबर कुलपाच्या तोंडावर कोरलेला असतो आणि त्या नंबरची जादा चावी सहज मागवता येते. नंबर लिहून ठेवा आणि कुलपावरचा घासून टाका.

भावाने आता नव्या कॅरिअरच्या बोल्टच्या खाचेत सायकलच्या पुढच्या हबचा (चाकाच्या मध्यभागाचा) छर्रा, म्हणजे बारीक पोलादी गोळी, बसवून वरून ग्लू गनचा गोंद भरलाय. छर्रा त्या खाचेत बरोब्बर बसतो. ॲलन की आत जातच नाही, आणि आपल्याला काढायचं असेल तेव्हा गोंद टोकरून, चुंबकाने छर्रा ओढून घ्यायचा. ज्याला वेळ आहे तो हेही काढेल, पण अंधारात घाईत असलेल्याला हे जड जातं. मुक्कामी असलो की आम्ही सरळ दोन्ही कॅरिअर उतरवून खोलीत नेतो. दहा-बारा मिनिटं लागतात.

तुमच्या टपावर किंवा डिकीवर असा कॅरिअर असेल आणि ओळखीत कोणाकडे त्याच दुकानातला असेल, तर आज संध्याकाळीच चाव्या अदलाबदल करून बघा. फिरली तर रात्री तो गाडीवर ठेवू नका, आणि पावती घेऊन दुकानात जाताना त्या दुसऱ्या माणसालाही सोबत न्या.