मुलीची देखरेखीतली भेट: कोर्टाची खोली की बाईंची ओसरी?

आम्ही नवरा-बायको वेगळे झालो, मुलगी आईकडे राहते. तिला देखरेखीत, म्हणजे तिसऱ्या माणसासमोर, भेटायच्या दोन्ही तऱ्हा मी पाहिल्या. आधी आठ महिने जिल्ह्याच्या कोर्टात, समुपदेशक मॅडमसमोर. आता वर्ष होत आलं, मेळघाटातल्या धारणीत, एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या ओसरीवर. ज्यांच्या हातात भेटीचा आदेश पडलाय आणि जागा कोणती मागावी हे ठरत नाही, त्यांच्यासाठी लिहितो.

कोर्टाच्या खोलीचा मोठा आधार म्हणजे कागद. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, दोघांच्या सह्या. आमच्यात तेव्हा इतका अविश्वास होता की पोरीचा गुडघा खरचटलेला दिसला तरी तारखेला अर्ज पडायचा. मॅडमच्या नोंदींमुळे ते थांबलं, हे मी विसरणार नाही. जिथे मारहाणीचा, दारूचा किंवा मूल पळवून नेण्याचा आरोप आहे, तिथे मी आजही कोर्टाचीच खोली सांगेन.

पण आमची मुलगी आईसोबत धारणीकडच्या गावी राहते आणि तिला गाडी लागते. दुसरा-चौथा शनिवार कोर्टाला सुट्टी, म्हणून भेट पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी. मामा तिला पहाटेच्या एसटीत बसवायचा. सेमाडोहचा घाट उतरून परतवाडा येईस्तोवर दोनदा उलटी. तिथून पुढे अजून पन्नास किलोमीटर. खोलीत यायची तेव्हा फ्रॉकचा गळा ओला, ओठ पांढरे. मी बागेतली संत्री न्यायचो, ती खायची नाही, नुसती साल नाकाशी धरून बसायची. "बाबा, मले मळमळ होते," एवढंच बोलणं. दोन तासांतला पहिला तास असा जायचा. जरा रंगात येऊन चित्र काढायला घेतलं की मॅडम घड्याळाकडे पाहायच्या. त्यांचा दोष नाही, बाहेर दुसरं कुटुंब थांबलेलं असायचं. निघताना ती साली मुठीत घेऊन जायची, परतीच्या घाटासाठी.

माझ्यापुरता निकाल त्या सालींनी लावला. घाट मी चढायचा, तिने नाही.

तिची आईही तयार झाली, कारण मामाची दर खेपेला एक मजुरी बुडत होती आणि पोरीची शनिवारची सकाळची शाळा. दोन्ही वकिलांनी संमतीची पुरशिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, दिली, कोर्टाने तसा आदेश केला. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 26 खाली मुलांबाबतचे आदेश पुढे बदलून मागता येतात, त्यामुळे पहिला आदेश म्हणजे शेवटचा असं समजून खचू नका.

ओसरीवरही देखरेख आहेच. बाई समोर तांदूळ निवडत बसतात, वहीत वेळ लिहितात, आम्ही सह्या करतो. पण मुलगी खेळून-जेवून आलेली असते. मागच्या खेपेला तिने मला सतराचा पाढा म्हणून दाखवला, मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. कोर्टात आठ महिन्यांत ती एकदाही झोपली नव्हती. उणीव एकच, पण मोठी: सगळा भार एका माणसाच्या भलेपणावर. बाई आजारी पडल्या की भेट गेली. शिवाय दोन्ही बाजूंना पटेल असं माणूस प्रत्येक गावात मिळेलच असं नाही.

व्हिडिओ कॉल हा तिसरा मार्ग. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये यशिता साहू प्रकरणात, ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता यावं, असं म्हटलंय. तेही अर्जात मागून घ्या. मेळघाटात रेंज मिळाली तर बरंच, पण त्याला भेटीची जागा देऊ नका.

माझं मत विचाराल तर पहिले काही महिने कोर्टात काढा, नोंदी होऊ द्या, आणि मूल राहतं तिथली जागा मागा. पुरशिस लिहिताना दिवस, वेळ आणि जागा यांसोबत दोन गोष्टी घालाच: हजर राहणाऱ्या दुसऱ्या माणसाचं नाव आणि चुकलेल्या भेटीचा बदली दिवस. आमच्या कागदात हे राहून गेलं. पावसाळ्यात घाटात झाड पडून रस्ता अडला, मी परतवाड्याच्या स्टँडवरून परत फिरलो, आणि ती भेट आजवर भरून मिळाली नाही.